रुग्णाच्या उशाशीं

पनवेलहून कर्नाळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर शिरढोण हें गांव आहे. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचें जन्मस्थान म्हणून तें साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं या गांवीं त्यांचा जन्म झाला. पुढें ते पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरींत नोकरीस असतां, शिरढोणास मातोश्री सरस्वतीबाई अत्यवस्थ असल्याची बातमी त्यांस समजली. त्यांनीं रजा मागितली. ती मिळाली नाहीं. आणि ते घरीं पोहोंचले तेव्हां आईचा प्राण गेलेला होता. ही सल त्यांच्या मनांतून कधींच गेली नाहीं, आणि त्यांच्या बंडाचीं कारणें सांगतांना चरित्रकार या प्रसंगाचा उल्लेख करितात.

या प्रसंगांत त्या काळच्या समाजस्थितीचीही एक खूण आहे. आजाऱ्याला औषध वैद्यानें द्यावें आणि शुश्रूषा घरच्या माणसांनीं करावी, ही त्या वेळची सर्वमान्य रीत. घरांतल्या सुनांनीं पेज करावयाची, लेकींनीं पाय चेपावयाचे, आणि मुलानें अखेरचें पाणी तोंडांत घालावयाचें. उशाशीं परकें माणूस बसावें, आणि तेंही पगार घेऊन, ही कल्पना कोणाच्या मनांतही येत नसे. ज्या वर्षीं फडक्यांचा जन्म झाला त्याच वर्षीं, म्हणजे १८४५ सालीं, मुंबईस जमशेटजी जिजीभाई रुग्णालय सुरू झालें होतें. परंतु ज्याला घरदार नाहीं, ज्याचें मागेंपुढें कोणी नाहीं, अशाच मनुष्यानें इस्पितळाची पायरी चढावी, अशी सुखवस्तु लोकांची समजूत होती. ही समजूत मोडून रुग्णाच्या उशाशीं एक परकी, परंतु शिकलेली स्त्री येऊन बसली, ती कशी आली आणि समाजानें तिला कसें वागविलें, हा आपल्या सामाजिक इतिहासांतला फारसा न सांगितलेला भाग आहे.

विलायतेंत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा काढली. आपल्याकडे या विद्येचा विचार मुख्यतः स्त्रियांच्या रुग्णालयांबरोबर सुरू झाला. पुरुष डॉक्टरास नाडी दाखविण्यापेक्षां मरण बरें, असें मानणाऱ्या स्त्रिया घरोघर होत्या. १८८५ सालीं लेडी डफरिन यांचा फंड निघाला, आणि १८८६ सालीं मुंबईचें कामा रुग्णालय उघडलें. तेथें डॉ. एडिथ पीची यांनीं स्त्रियांवर स्त्रियांकडूनच उपचार करविण्याची व्यवस्था केली आणि परिचारिकांच्या शिक्षणासही हात घातला. मिरजेस डॉ. वॉन्लेस यांनीं १८९४ सालीं काढलेल्या मिशन रुग्णालयानें हें काम दक्षिण महाराष्ट्रांत नेलें.

पण शिकावयास कोण येणार? प्रथम आल्या त्या बहुतेक ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन मुली. हिंदु घरांतून कोणी येईना, आणि याचीं कारणें उघड होतीं. परजातीच्या माणसाच्या मलमूत्राला, रक्ताला आणि पुवाला हात लावावयाचा, म्हणजे सोवळें कायमचें बुडालें. परपुरुषाच्या अंगास स्पर्श करावयाचा. रात्रीं घराबाहेर राहावयाचें. आणि हें सारें पोटासाठीं, पगार घेऊन! जी सून सासऱ्याचें आजारपण दोन दोन वर्षें काढी, तिचें कौतुक होई. तेंच काम परक्यासाठीं करणारीला नांवें ठेवीत. कामांत फरक नव्हता, नात्यांत होता. ‘सिस्टर’ हा शब्द इंग्रजांकडून आला आणि त्याचें मूळ ख्रिस्ती जोगिणींच्या संघांत आहे. परंतु आपल्याकडे तो इतका लवकर रुजला, याचें कारण कदाचित् हेंच असावें कीं, बहीण म्हटल्याबरोबर त्या परक्या स्पर्शाला एक नातें मिळालें.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि पुढच्या वर्षीं पुण्यांत पसरला. घरें तपासणाऱ्या गोऱ्या शिपायांची दहशत आणि इस्पितळाची भीति, यांपैकीं अधिक कोणती, हें सांगणें कठीण झालें. लोक आजारी माणूस माळ्यावर लपवीत, पण इस्पितळांत नेऊं देत नसत. टिळकांनीं पुण्यांत हिंदु प्लेग हॉस्पिटल काढलें, तें लोकांचा हा अविश्वास कमी व्हावा म्हणूनच. याच सांथींत सावित्रीबाई फुले यांनीं आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या मदतीनें पुण्याबाहेर रुग्णांची सोय केली. एका प्लेग झालेल्या अस्पृश्य मुलास त्यांनीं स्वतः उचलून आणलें, त्यांतच त्यांस रोग जडला, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांनीं परिचर्येची कोणतीही परीक्षा दिली नव्हती आणि त्यांस वेतनही नव्हतें. परंतु परक्याचा रोगी देह आपल्या हातांनीं उचलण्यांत कमीपणा नाहीं, हें दाखविणारी याहून मोठी साक्ष महाराष्ट्राजवळ नाहीं.

ती साक्ष नित्याच्या पेशांत उतरविण्याचें काम पुण्याच्या सेवासदनानें केलें. फडक्यांनीं ज्यांचीं व्याख्यानें ऐकलीं होतीं, त्या न्यायमूर्ति रानड्यांच्या पत्नी रमाबाई या संस्थेच्या प्राण होत्या. १८७९ सालीं पुण्यांतील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा जळाले, तेव्हां सरकारच्या संशयामुळें रानड्यांची धुळ्यास बदली झाली होती. फडक्यांच्या बंडाची झळ अशी या घरासही लागली होती. न्यायमूर्तींच्या पश्चात् रमाबाईंनीं १९०९ सालीं पुणें सेवासदनाची स्थापना केली. तिच्या द्वारें त्यांनीं हिंदु स्त्रियांस, विशेषतः विधवांस, सासून रुग्णालयांत शुश्रूषेचें शिक्षण मिळण्याची वाट करून दिली. जी स्त्री घरांत कोणाच्या समोर येणें हाच अपशकुन मानला जाई, तीच रुग्णालयांत पहांटे प्रथम दिसावी म्हणून रोगी वाट पाहूं लागला. पण हा बदल सुखासुखीं झाला नाहीं. मुलीस पाठविण्यापूर्वीं घरचीं माणसें दहा वेळां विचार करीत, आणि शिकून आलेल्या बाईस लग्नकार्याच्या पंगतींत कोठें बसवावें, हा प्रश्न सुशिक्षितांनाही पडे.

या शिक्षणांत आणि नंतरच्या नोकरींत दिवस कसा जाई, हें समजून घेण्यासारखें आहे. १९३० च्या आधीं रोगजंतूंवर थेट चालणारीं औषधें डॉक्टरांजवळ फारशीं नव्हतीं. सल्फा गटाचीं औषधें त्या दशकांत आलीं, पेनिसिलिन दुसऱ्या महायुद्धाबरोबर, आणि विषमज्वरावरील खात्रीचें औषध १९४८ च्या सुमारास. तोंपर्यंत मुदतीच्या तापांत रोगी वांचे तो बहुतांशीं शुश्रूषेनें. तीन आठवडे दर चार तासांनीं ताप व नाडी टिपावयाची, अंग पुसावयाचें, तोंड स्वच्छ करावयाचें, चमच्याचमच्यानें पातळ अन्न घालावयाचें, आणि पाठीला व्रण पडूं नयेत म्हणून दर दोन तासांनीं कूस बदलावयाची. तिसऱ्या आठवड्यांत कधीं ताप एकाएकीं उतरे. घरच्या माणसांस आनंद होई. पण परिचारिकेचें बोट नाडीवर असे. ताप उतरला आणि नाडी मात्र धांवूं लागली, म्हणजे आंतड्यांत रक्तस्राव झाला किंवा आंतडें फुटलें, हें ती जाणे आणि डॉक्टरास उठवावयास धांवे. रोग्याचें जगणें अशा वेळीं तिच्या जागरणावर अवलंबून असे. पेनिसिलिन आलें तेव्हां तिचें काम कमी झालें नाहीं. तें औषध प्रारंभीं दर तीन तासांनीं टोंचावें लागे, तेंही रात्रंदिवस, आणि सुया व पिचकाऱ्या प्रत्येक वेळीं उकळून घ्याव्या लागत.

याशिवाय शौचपात्रें, मळके पलंगपोस, सांथीच्या वॉर्डांतला संसर्ग, मेट्रनचा धाक, नातेवाइकांचा राग, आणि आपल्या हातांत गेलेलें मूल आईच्या हवालीं करण्याचा प्रसंग. मृत्यूनंतर देह स्वच्छ करून, चादर नीट घालून, लगेच पुढल्या खाटेवरील माणसास हंसून दूध द्यावयाचें असे. लग्न झालें कीं नोकरी सोडावी, असाही पुष्कळ ठिकाणीं रिवाज होता. म्हणजे दुसऱ्यांचीं घरें सांभाळणारीनें स्वतःचें घर मांडावयाचें नाहीं!

१९४६ सालीं भोर समितीनें आपला अहवाल सादर केला. त्या वेळच्या ब्रिटिश हिंदुस्थानांत परिचारिका सुमारें ७,०००; म्हणजे ४३,००० लोकांमागें एक. त्यांच्या राहण्याच्या जागा, वेतन आणि कामाचे तास यांची दुर्दशाही समितीनें स्पष्ट शब्दांत मांडली. १९४७ सालीं भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि शिक्षणास देशभर एक माप आलें. पुढें पदवीचे अभ्यासक्रम निघाले, आणि गांवोगांवच्या मुली, व मुलगेही, या पेशांत आले.

समाजानें मान दिला तो मात्र संकटाच्या वेळीं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं अतिरेकी त्याच कामा रुग्णालयांत शिरले. तेथें पहारेकरी मारले गेले. प्रसूतिपूर्व विभागांत अंजली कुलथे या परिचारिका कामावर होत्या. त्यांनीं वीस गरोदर स्त्रियांस एका लहानशा खोलींत नेलें, दिवे मालविले, आणि एकीस प्रसववेदना सुरू झाल्या तेव्हां गोळीबार चालू असतांना तिला आधार देत प्रसूतिकक्षापर्यंत पोहोंचविलें. डिसेंबर २०२२ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीसमोर त्यांनीं ही हकीकत सांगितली.

आणि २०२० सालीं कोरोनाची सांथ आली तेव्हां एकीकडे लोकांनीं टाळ्या व थाळ्या वाजविल्या, तर दुसरीकडे रुग्णालयांत काम करणाऱ्यांस घर सोडून जाण्यास सांगणारे घरमालकही निघाले. १८९७ सालीं प्लेगसाठीं जो सांथरोगाचा कायदा झाला होता, त्यांत त्या वर्षीं दुरुस्ती करून रुग्णसेवकांवरील हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा ठरवावा लागला. सव्वाशें वर्षांपूर्वीं ज्या कायद्यानें रोग्यास घरांतून ओढून काढण्याचा अधिकार दिला, त्याच कायद्यास रोग्याच्या उशाशीं बसणारीचें रक्षण करण्याची पाळी आली.

परिचारिकेची विद्या वाढली, पगार वाढला, पोशाखही बदलला. परंतु तिच्याविषयींची सुशिक्षित घरांची जुनी दुटप्पी वृत्ति सर्वस्वीं गेली, असें म्हणतां येत नाहीं. आपला माणूस खाटेवर असेपर्यंत ती ‘सिस्टर’ असते. तो बरा होऊन घरीं आला, म्हणजे तिचें नांवही कोणाला आठवत नाहीं. शिरढोणच्या त्या मुलास आईच्या उशाशीं पोहोंचतां आलें नाहीं. आज अशीं हजारों मुलें दूरच्या गांवीं आणि परदेशीं नोकरी करीत आहेत, आणि त्यांच्या आईबापांच्या उशाशीं रात्रीं जागणारी एक परकी बाई असते. तिचें नांव विचारून घेणें आणि तें लक्षांत ठेवणें, एवढें तरी त्यांच्याकडून व्हावयास हरकत नाहीं.