निष्क्रिय दयामरण : निर्णयाचा अधिकार कोणाचा?

बरे होण्याची आशा उरलेली नाही अशा रुग्णाचे प्राण केवळ यंत्रांच्या आधारे टिकवून धरणे थांबविता येते काय, आणि येत असल्यास तो निर्णय कोणी घ्यावा, हा जैवनीतिशास्त्रातील एक अतिशय अवघड प्रश्न आहे. भारतात त्याचे उत्तर संसदेच्या कायद्याने नव्हे, तर प्रामुख्याने न्यायालयांच्या निकालांनी घडविले आहे.

मराठीत 'इच्छामरण' आणि 'दयामरण' हे शब्द बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात. भीष्माच्या कथेमुळे पहिला शब्द अधिक परिचित आहे. मात्र न्यायालयांसमोरील बराचसा वाद अशा रुग्णांविषयी आहे, ज्यांना स्वतःची इच्छा सांगताच येत नाही. प्राणघातक औषध देऊन मृत्यू घडवून आणणे म्हणजे सक्रिय दयामरण. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून ते काही अटींवर कायदेशीर आहे. भारतात तो गुन्हा आहे. उपचार सुरूच न करणे किंवा सुरू असलेले उपचार काढून घेणे याला निष्क्रिय दयामरण म्हटले जाते आणि भारतात केवळ त्यालाच मान्यता मिळाली आहे.

या वादाची सुरुवात आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा ठरविणाऱ्या कलम ३०९ पासून झाली. मुंबई पोलीस दलातील एका शिपायाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयानेही १९९४ मध्ये तोच कौल दिला. मात्र ग्यान कौर प्रकरणात १९९६ मध्ये घटनापीठाने तो फिरविला. जीविताच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे सांगतानाच, नैसर्गिक मृत्यूची प्रक्रिया सुरू झालेल्या व्यक्तीला सन्मानाने मरण येणे हा सन्मानाने जगण्याचाच भाग होय, असेही पीठाने नमूद केले. पुढील सर्व युक्तिवाद याच विधानाभोवती फिरले.

अरुणा शानबाग यांच्या प्रकरणामुळे हा प्रश्न घराघरांत पोहोचला. परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका असलेल्या अरुणा यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका सफाई कामगाराने हल्ला केला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू खंडित झाला आणि त्यानंतर त्या कधीच पूर्ण शुद्धीवर आल्या नाहीत. त्यांना अन्न देणे थांबविण्याची परवानगी मिळावी, यासाठी लेखिका व पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. केईएममधील परिचारिकांनी तिला विरोध केला. पिढ्या बदलल्या तरी या परिचारिकांनी आपल्या सहकारी भगिनीची शुश्रूषा खंडित होऊ दिली नव्हती.

न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांनी ७ मार्च २०११ रोजी याचिका फेटाळली. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार वर्षानुवर्षे त्यांची सेवा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा आहे, याचिकाकर्तीचा नाही, हा निकालाचा गाभा होता. त्याच निकालात निष्क्रिय दयामरणाला तत्त्वतः संमती देऊन प्रत्येक प्रकरणी उच्च न्यायालयाची परवानगी बंधनकारक करण्यात आली. अरुणा यांचे १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने निधन झाले.

ग्यान कौर निकालाचा २०११ मध्ये लावलेला अर्थ विसंगत असल्याचे २०१४ मध्ये त्रिसदस्यीय पीठाच्या लक्षात आले आणि प्रकरण घटनापीठाकडे गेले. 'कॉमन कॉज' संस्थेच्या २००५ मधील याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी निकाल लागला. सन्मानाने मरण्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे पाच न्यायमूर्तींनी मान्य केले आणि 'लिव्हिंग विल', म्हणजे शुद्धीत असताना करून ठेवलेले वैद्यकीय इच्छापत्र, वैध ठरविले. निर्णयाचा अधिकार अशा रीतीने न्यायालयाकडून प्रथमच त्या व्यक्तीकडे आला.

तथापि इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्यांची स्वाक्षरी आणि दोन वैद्यकीय मंडळे अशी कार्यपद्धती इतकी किचकट होती की, हा हक्क जवळजवळ कागदावरच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ती सुलभ केली. दोन साक्षीदारांसमक्ष केलेले इच्छापत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यांकडून साक्षांकित करणे आता पुरेसे आहे. मंडळांवरील तज्ज्ञांना २० ऐवजी ५ वर्षांचा अनुभव पुरतो आणि त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, अशी अपेक्षा आहे. इच्छापत्राची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे ठेवायची असते. महाराष्ट्रात हे अभिरक्षक नेमले जाण्यासाठीही मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल व्हावी लागली.

नैतिक वाद मात्र मिटलेला नाही. श्वसनयंत्र हा उपचार, हे बहुतेकांना पटते. पण नळीवाटे दिले जाणारे अन्न हा उपचार की भुकेल्याला घातलेला घास? अरुणा यांना श्वसनयंत्राची गरज नव्हती, त्यामुळे वाद नेमका याच मुद्द्यावर येऊन ठेपला होता. परावलंबी जिणे म्हणजे निरर्थक जिणे, असा समज यातून रूढ होईल, ही अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्यांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. संपत्तीच्या लोभाने किंवा खर्चाच्या ओझ्याने नातेवाईक घाई करतील, ही शंका २०११ च्या निकालातही व्यक्त झाली आहे.

खर्चाचा प्रश्न तर कायद्याच्या आधीपासून आहे. अतिदक्षता विभागाचे देयक परवडेनासे झाले की, 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध' अशा शेऱ्यावर सही करून रुग्णाला घरी नेले जाते. तेथे ना मंडळ असते, ना वेदनाशमन. मॉर्फिनवरील कठोर निर्बंध संसदेने २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती करून शिथिल केले; केरळने गावपातळीवर परिहार सेवेचे जाळे उभारले. अन्य बहुतांश राज्यांत ही सेवा मोठ्या शहरांपुरतीच आढळते.

इच्छापत्र केलेले नसल्यास कुटुंबीयांच्या संमतीने रुग्णालयाचे प्राथमिक आणि नंतर दुय्यम वैद्यकीय मंडळ निर्णय घेते. अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते आणि दुय्यम मंडळाने परवानगी नाकारल्यास उच्च न्यायालयात दाद मागता येते.