फुकट, पण किती लांब?

दवाखाना स्वस्त हवा की सोयीचा? मोबाइलवर डॉक्टर गाठायच्या काळातला हा प्रश्न वाटतो. पण त्याचं उत्तर 1946 सालच्या एका सरकारी अहवालात आहे, आणि त्या समितीचा अध्यक्ष नाशिकात जन्मलेला होता : सर जोसेफ भोर. मी नाशिकचा, तरी शाळेत हे नाव माझ्या कानावर कधी पडलं नाही.

ब्रिटिश सरकारने 1943 मध्ये भोर समिती नेमली. तेव्हा देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे 160 बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. समितीने दोन तत्त्वं मांडली. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये. आणि आरोग्यसेवा लोकांच्या शक्य तितकी जवळ असावी. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना याच अहवालातली, सुरुवातीला 40,000 लोकांमागे एक. म्हणजे ‘स्वस्त की जवळ’ अशी निवड समितीने करायला लावलीच नाही. दोन्ही एकदम मागितलं.

का, ते आमच्या जिल्ह्यात कळतं. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले. चांगलंच झालं. पण सुरगाण्याच्या पाड्यावरच्या मजूर बाईला मोठ्या तपासणीसाठी नाशिकला यायचं तर घाट ओलांडून एसटीने काही तास. तिची मजुरी बुडाली, सोबत आलेल्याचीही. ‘परवा या’ म्हटलं, की हाच खर्च पुन्हा. गावाजवळचा खासगी डॉक्टर फी घेतो, पण काम आटोपल्यावर संध्याकाळी भेटतो. हिशेब मांडला तर तोच स्वस्त पडू शकतो.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही हेच दिसतं. सरकारी दवाखान्यात सहसा न जाणाऱ्या कुटुंबांनी सांगितलेली मोठी कारणं तीन : उपचारांचा दर्जा, ताटकळणं आणि जवळ केंद्र नसणं.

सरकारने हा धडा एकदा गिरवलाही आहे. पल्स पोलिओचा डोस 1995 पासून फुकटच होता. तरी बूथवर सगळी मुलं येत नव्हती. म्हणून पुढे कर्मचारी घरोघर जाऊ लागले. किंमत तीच, शून्य. कमी झालं ते अंतर. 2011 च्या जानेवारीनंतर देशात पोलिओच्या मूळ विषाणूचा रुग्ण सापडला नाही.

शहरात राहणाऱ्या माझ्यासाठी सोय म्हणजे वाचलेला अर्धा तास. पाड्यावर सोय म्हणजे न बुडालेली मजुरी. तिथे स्वस्त आणि सोयीचं हे दोन शब्द वेगळे राहत नाहीत. म्हणून ‘मोफत उपचार’ अशी पाटी दिसली, की आणखी दोन गोष्टी विचाराव्यात : इथवर यायला किती लागतं, आणि आल्यावर डॉक्टर भेटतात का?