वरकस जमिनीपासून बागायतीपर्यंत : दापोलीच्या कृषी विद्यापीठाची वाटचाल

बहमनी आणि आदिलशाही काळात दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर होते. त्याचा व्यापार ओसरला आणि वाशिष्ठीच्या मुखाकडील हा मुलूख, उर्वरित रत्नागिरी जिल्ह्याप्रमाणे, मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरवू लागला. पाऊस तीन हजार मिलिमीटरहून अधिक, पण तो चार महिन्यांत समुद्राला मिळे. भाताचे एक पीक आणि चाकरमान्याची मनिऑर्डर यांवर घरे चालत.

संयुक्त महाराष्ट्र झाल्यानंतर विभागांमधील विकासाची दरी राज्यकर्त्यांपुढे आली. दाभोळ ज्या तालुक्यात मोडते त्या दापोलीत १९६५ मध्ये कृषी महाविद्यालय सुरू झाले. राहुरी (१९६८) आणि अकोला (१९६९) यांच्यामागोमाग १८ मे १९७२ रोजी परभणीबरोबरच दापोलीलाही स्वतंत्र कृषी विद्यापीठ मिळाले. एका राज्याला चार विद्यापीठे कशाला, ही शंका तेव्हाही निरर्थकच होती. उसाच्या काळ्या जमिनीचे शास्त्र जांभ्या कातळावर चालत नाही. नव्या विद्यापीठाला पूर्वसूरींची शिदोरीही लाभली. कर्जतला १९१९ पासून भातावर, तर वेंगुर्ल्याला १९५७ पासून फळांवर संशोधन चालू होते.

खरी कसोटी आंब्याची होती. हापूस एका वर्षाआड धरणारा. वरून देखणा, आत साका, म्हणजे बिघडलेला गर. जात संकराने सुधारायची, तर संकरित रोप फळावर येईपर्यंत वर्षानुवर्षे थांबणे आले, आणि बहुतेक रोपे शेवटी नापसंतच ठरणार. या चिकाटीतून १९८१ मध्ये नीलम आणि हापूस यांच्या संकराची, साका नसलेली ‘रत्ना’ आली. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून १९९२ मध्ये अतिशय पातळ कोयीची ‘सिंधू’ प्रसारित झाली. हापूसला दरवर्षी मोहोर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोलच्या वापराची शिफारसही विद्यापीठाने केली. मात्रा न पाळता ते वापरणाऱ्यांच्या बागा थकल्या, हेही नोंदवले पाहिजे.

काजूने मात्र गाव बदलले. पूर्वी बी टाकून उगवेल ते झाड आपले म्हणायचे. मृदकाष्ठ कलमांमुळे खात्रीच्या जातीची लागवड शक्य झाली. १९८१ ची ‘वेंगुर्ला-४’ आणि सुमारे दहा ग्रॅम वजनाची बी देणारी १९९७ ची ‘वेंगुर्ला-७’ वरकस डोंगरउतारांवर पोहोचल्या.

दरम्यान विभागांमधील ही दरी मोजण्यासाठी १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. राज्याची सरासरी हा निकष धरून तिने १९८४ च्या अहवालात ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक अनुशेष मांडला. पण अनुशेषाचा हिशेब म्हणजे उत्पन्न नव्हे. कोकणाला तात्काळ उपयोगी पडली ती १९९० ची रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना. आपल्याच जमिनीत खड्डे खणून शेतकऱ्याला मजुरी मिळू लागली, आणि त्या खड्ड्यांत लावायला विद्यापीठाची कलमे तयार होती. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांइतकेच श्रेय कलमे बांधणाऱ्या कुशल हातांचे, रोपवाटिकाधारकांचे आणि डोक्यावर घागरी वाहून पहिले उन्हाळे काढणाऱ्या कुटुंबांचे आहे.

त्याच दशकात दाभोळचे नाव जगभर गाजले, ते खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात उभ्या राहिलेल्या एन्रॉनच्या वीजप्रकल्पामुळे. १९९९ मध्ये सुरू झालेली वीजनिर्मिती २००१ मध्ये थांबली. दापोलीची कामगिरी तुलनेने बातमीबाहेर राहिली.

विद्यापीठाचा व्याप शेतापुरता राहिला नाही. रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ मध्ये मत्स्य महाविद्यालय निघाले, पनवेलला खार जमिनींवर काम झाले, कोकमाच्या ‘अमृता’सारख्या जाती आल्या. २००१ मध्ये माजी कृषिमंत्री डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव संस्थेला देण्यात आले. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या अर्जदारांतही विद्यापीठ होते.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड पट्ट्यातील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या. मुंबईची वाट आजही बंद झालेली नाही. काजूचा पिकलेला बोंडू अजून बहुतांशी झाडाखालीच कुजतो, आणि त्याच्या प्रक्रियेचा प्रश्न विद्यापीठाच्या पुढील कामात वरच्या क्रमांकावर असायला हवा.