नाथसागरात मासेमारीसाठी काय घ्यावे, रुंद होडी की अरुंद डोंगा? पैसे मोजण्याआधी हे वाचा

छत्रपती संभाजीनगर : पैठण आणि गंगापूर तालुक्यातली अनेक कुटुंबे नाथसागराच्या पाण्यावर पोट भरतात. कुणी थर्माकोलच्या चप्पूवर बसून जाळे टाकते, कुणी पत्र्याची होडी वापरते, कुणी ट्रकच्या ट्यूबवर भागवते. हाती चार पैसे आले की पहिला विचार येतो चांगल्या नावेचा. अलीकडे मोबाईलवर कॅनोचे व्हिडिओ पाहून तरुण पोरे विचारतात, ‘तीच घेतली तर? हलकी आहे, स्वस्तात बसेल, एकट्याने उचलता येईल.’ घ्यायला हरकत नाही. मात्र कोणती नाव कोणत्या पाण्यावर चालते हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण इथे चूक झाली तर पैशांसोबत जीवही जाऊ शकतो.

होडी आणि डोंगा यात फरक काय?

होडी म्हणजे रुंद, सपाट किंवा थोड्या गोल तळाची नाव. लांबी साधारण 12 ते 16 फूट, रुंदी 4 ते 5 फूट. ती लाकडाची, पत्र्याची किंवा फायबरची असते.

कॅनो म्हणजे लांब, अरुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती नाव. आपल्याकडे ही काही नवी गोष्ट नाही. विदर्भात वैनगंगेवर झाडाचे खोड कोरून केलेला डोंगा पिढ्यान्‌पिढ्या चालतो, तो याच जातीचा. आताचे डोंगे फायबरचे किंवा प्लास्टिकचे असतात. लांबी 13 ते 16 फूट, पण रुंदी जेमतेम अडीच ते तीन फूट. वजन 25 ते 40 किलोच्या घरात, त्यामुळे दोन माणसे सहज उचलतात.

आधी पाणी ओळखा

जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 साली तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि 1976 साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते लोकार्पण झाले. नाथसागर भरला की पाणी सुमारे 350 चौरस किलोमीटरवर पसरते. लांबी जवळपास 55 किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी 27 किलोमीटरपर्यंत. नावेच्या दृष्टीने तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

1. वारा आणि लाटा : उघड्या पाण्यावरून वारा जितका लांब पळतो तितकी लाट मोठी होते. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि धरणाची भिंत पूर्वेला पैठणकडे आहे. म्हणजे कायगाव टोक्याकडे पाणी शांत दिसत असले तरी भिंतीकडे त्याच वेळी नाव उलटवणारी लाट असू शकते.

2. उथळ काठ : पाणी दूरवर पसरलेले असल्याने काठ उथळ आहे. उन्हाळ्यात पाणी मागे सरकते आणि मध्ये नुसता गाळ उरतो. जड होडी त्या गाळातून ओढायला चार माणसे लागतात.

3. पाण्याखालचे अडथळे : जुन्या बाभळींचे खुंट, विहिरींचे कठडे, बांध, पडक्या भिंती. पाणी उतरू लागले की हे सगळे वर येते आणि नावेचा तळ फाडते.

गावचा पाझर तलाव किंवा टेंभापुरी, शिवना टाकळी, अंबाडी, खेळणा यांसारख्या प्रकल्पांचे पाणी नाथसागराच्या मानाने लहान आहे. तिथे लाट कमी उठते आणि काठ जवळ असतो. म्हणून दोन्ही ठिकाणी एकच उत्तर लागू पडत नाही.

वजनाचा हिशोब

नाव पाण्यात किती बुडेल हे तिने पाण्यावर किती जागा व्यापली यावर ठरते. 14 फूट लांब आणि 4 फूट रुंद सपाट होडीत 100 किलो वजन टाकले की ती अंदाजे एक इंच खाली जाते. तेवढ्याच लांबीचा अडीच फूट रुंद डोंगा दोन इंच खाली जातो.

आता रोजचा हिशोब मांडा. दोन माणसे 130 किलो, ओले जाळे 40 किलो, मासे 60 किलो, बर्फ आणि क्रेट 20 किलो. एकूण 250 किलो. होडी अडीच इंच बसेल, डोंगा पाच इंच. डोंग्याचा काठ मुळातच कमी उंच असतो. त्यात पाच इंच गेले की एक फुटाची लाटसुद्धा थेट आत येते.

जाताना नाव रिकामी असते आणि येताना भरलेली, हेही ध्यानात ठेवावे. वारा बहुधा परतीच्या वेळीच वाढतो. त्यामुळे नाव निवडताना परतीचे वजन धरावे.

जाळे ओढताना काय होते?

गळाने मासे धरणारा माणूस बसून असतो. त्याला डोंगा पुरतो. कांडाळी म्हणजे गलफास जाळे लावणाऱ्याला मात्र काठावर वाकून जाळे ओढावे लागते. रोहू, कटला भरपूर लागले की सगळा भार एकाच बाजूला येतो. रुंद होडी थोडी कलते आणि तिथेच थांबते. अरुंद डोंगा कलतच जातो.

फेक जाळे टाकणाऱ्याला तर उभेच राहावे लागते. डोंग्यात उभे राहून फेक जाळे टाकणे हे लहानपणापासून सवय असलेल्यालाच जमते. नव्या माणसाने तो नाद करू नये.

डोंगाच वापरायचा असेल तर हे तीन उपाय करावेत :

- बसायची फळी उंच ठेवू नये. तळाशी गोणपाट टाकून गुडघ्यावर किंवा मांडी घालून बसावे. वजन खाली असले की नाव कमी डुलते.
- जाळे बाजूने न ओढता टोकाकडून ओढावे.
- कोकणात होडीला उलांडी बांधतात, तशी बांबूला घट्ट झाकणाचे कॅन बांधून एका बाजूला जोड द्यावी. किंवा दोन डोंगे तीन-चार फूट अंतर ठेवून आडव्या बांबूंनी एकमेकांना पक्के बांधावेत. जोडडोंगा सहसा उलटत नाही.

लाकूड, पत्रा की फायबर?

लाकडी होडी : फुटली तरी तरंगत राहते. दरवर्षी सांधे भरून डांबर लावावे लागते. उन्हात कोरडी पडली की फटी वाढतात.

पत्र्याची होडी : गावातला वेल्डिंगवाला बनवून देतो आणि दुरुस्तीही गावातच होते. पण लोखंड तरंगत नाही. पाणी भरले की सरळ तळाला जाते. म्हणून पुढे-मागे हवाबंद कप्पे करून घेतल्याशिवाय पत्र्याची होडी घेऊच नये.

फायबरची होडी : हलकी, गंजत नाही, गळत नाही. मात्र खुंटावर आदळली तर तडा जातो. तडा दिसला की लगेच कापड आणि रेझिनने बुजवावा, नाहीतर पाणी आतल्या थरात शिरते.

थर्माकोलचा चप्पू : सगळ्यात स्वस्त, आणि धोकाही सगळ्यात जास्त. 2022 मध्ये गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोरा इथली मुले थर्माकोलवर बसून पाणी ओलांडत शाळेत जातात, ही बातमी देशभर गेली होती. थर्माकोल बुडत नाही हे खरे, पण त्याला काठ नसतो, तो मोडतो आणि वाऱ्याने कुठेही वाहत जातो. त्याचे तुकडे पाण्यात पसरतात ते वेगळेच.

घेताना या पाच गोष्टी तपासा

1. पाणी भरून बघा : गुडघाभर पाण्यात नाव न्या आणि काठोकाठ पाणी भरा. तरीही ती तरंगत राहिली आणि दोन माणसे तिला धरून राहू शकली, तरच घ्या. ही एक चाचणी बाकी सगळ्यांपेक्षा मोठी.
2. उभे राहून बघा : एका काठाजवळ उभे राहा. पाणी आत येत असेल तर कांडाळीच्या कामाला ती नाव नको.
3. तळ आणि सांधे : फायबरवर बोटाने टकटक करा. कुठे पोकळ आवाज आला तर तिथे थर सुटलेला असतो.
4. मागची फळी : पुढे इंजिन लावायचे असेल तर मागची फळी जाड आणि न कुजलेली हवी. अरुंद डोंग्याला मागे इंजिन लटकवू नये.
5. लेखी कोटेशन : लांबी, रुंदी, जाडी, कप्पे आणि हमी कागदावर घ्या. तोंडी बोलण्यावर व्यवहार करू नका.

परवाना, अभयारण्य आणि अनुदान

नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. थंडीत इथे दूरदेशीचे पक्षी उतरतात आणि इंजिनच्या आवाजाने ते बिथरतात. इंजिन घेण्याआधी वन विभागाकडे विचारणा करावी. तलावात मासेमारीचा हक्क सहसा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्यामुळे सभासदत्व किंवा परवाना आधी, नाव नंतर.

2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत लाभार्थ्याच्या घटकांसाठी सर्वसाधारण गटाला प्रकल्प किमतीच्या 40 टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. सध्या कोणता घटक चालू आहे हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावे, आणि मंजुरी मिळण्याआधी नाव खरेदी करू नये. याच योजनेतून मच्छीमारांचा गट अपघात विमा निघतो. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 5 लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख रुपये अशी त्याची रक्कम आहे. आपल्या नावाची नोंद झाली का, हे संस्थेच्या सचिवाला आजच विचारा.

नाव कोणतीही असो, हे चुकवू नका

21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनी धरणात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट अचानक आलेल्या वादळी वाऱ्याने उलटली. 6 जणांचा जीव गेला, एक जण पोहून काठाला लागला. एप्रिल-मेमध्ये वळवाचा वारा दुपारनंतरच उठतो. म्हणून त्या दिवसांत पहाटे निघावे आणि दुपारच्या आत काठाला यावे. विजेचा इशारा मोबाईलवरच्या ‘दामिनी’ ॲपवर मिळतो.

- प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट हवे. नावेत ठेवलेले जॅकेट ऐनवेळी हाती लागत नाही.
- घट्ट झाकणाचा 20 लिटरचा रिकामा कॅन दोरीने नावेला बांधून ठेवा. तो सुमारे 19 किलो भार तोलतो, म्हणजे त्याला धरून माणूस तरंगत राहतो.
- पाणी उपसायला डबा, एक जादा वल्हे आणि दगड बांधलेला लांब दोर नेहमी सोबत.
- मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत. मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108.
- नाव उलटली तर तिला सोडू नका. काठ जवळ दिसतो तेवढा जवळ नसतो, आणि जाळ्यात पाय अडकला की पोहणाराही बुडतो.

थोडक्यात

- नाथसागरात कांडाळी लावायची, दोन माणसे, मासे भरून आणायचे : रुंद होडी, हवाबंद कप्प्यांची.
- पाझर तलाव किंवा लहान प्रकल्प, एकटा माणूस, गळाचे काम : डोंगा चालेल.
- नाथसागराच्या काठच्या उथळ पाण्यात, गाळातून नाव उचलून न्यायची : जोडडोंगा किंवा उलांडीचा डोंगा, तोही सकाळच्या शांत पाण्यात.
- पैसे कमी पडत असतील : दोन घरांनी मिळून एक चांगली होडी घ्यावी. दोन वेगवेगळे चप्पू घेण्यापेक्षा ते केव्हाही बरे.