दातवण, मंजन, मशेरी

दात घासण्याचा इतिहास म्हटले की प्रथम हसू येते. तह आणि लढाया यांच्या पंक्तीत त्याला कुणी पाट मांडलेला नाही. भाषेत मात्र तो साठून राहिला आहे, आणि आपल्यासारख्या शब्दांच्या अभ्यासकांनी तो तिथूनच वाचावा, असे आम्हांस वाटते.

आमच्या मानवतला 'दात घासणे' असे फारसे कुणी म्हणत नसे; म्हणत ते 'तोंड धुणे'. परभणी जिल्ह्यातले, कापसाच्या बाजारपेठेचे हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. सकाळी अंगणाच्या कडेला ज्याचे त्याचे तोंड धुणे वेगळे असे. पुरुषांच्या हाती लिंबाची नाहीतर बाभळीची काडी (इकडे लिंब म्हणजे कडुलिंबच), मुलांना गोवरीची राखुंडी आणि आजीच्या तळहातावर मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. भाजण्याच्या दिवशी घरभर ठसका उठे. आजी मशेरी दिवसातून चारदा लावी, आणि चारही वेळा ती तोंडच धूत असे.

काडीची परंपरा जुनी आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'तील दिनचर्येच्या अध्यायात तिचे माप दिले आहे: करंगळीच्या टोकाइतकी जाड, बारा अंगुळे लांब, अग्र मऊ, चव तुरट, तिखट किंवा कडू. वापरायची सकाळी आणि जेवणानंतर, हिरड्यांना इजा न होऊ देता. आजचा दंतवैद्य याहून फार निराळे सांगत नाही. तिथे काडीला 'दंतपवन' म्हटले आहे, म्हणजे दात शुद्ध करणारी. मराठीतला 'दातवण' कानाला तरी याच कुळातला वाटतो. पण जुन्या मराठीत दातवण म्हणजे स्त्रियांनी दात काळे करण्यासाठी लावायचे चूर्ण! शेजारच्या दखनी घरांत त्या कामाला मिस्सी असे. काळे दात हा तेव्हा शृंगार होता. जपानातही विवाहित स्त्रिया दात काळे करीत. शुभ्र दंतपंक्तीचे आजचे वेड पाहता हे ध्यानात ठेवलेले बरे.

पुढे बाजार आला. मुंबईची माकड छाप काळी टूथ पावडर आली, १९३७ मध्ये कोलगेट भारतात आले, १९५२ मध्ये केशव विष्णू पेंढरकरांनी विको सुरू केली. मग प्रश्न निघाला की मंजन हे औषध की प्रसाधन? अबकारी करापायी तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाबाबत १९९५ मध्ये न्यायालयाने पाहिले ते सामान्य माणूस त्याला काय समजतो हे. रोज वापरायची वस्तू ती औषध कसली, असा एकूण निष्कर्ष निघाला. विकोला मात्र त्याच न्यायालयात २००४ मध्ये औषधाचा मान मिळाला. अर्थनिर्णयाचे असे खटले साहित्याच्या वर्गात का शिकवू नयेत?

मशेरीला मात्र कुणी न्यायालयात नेले नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून मुखकर्करोग आणि त्याच्या पूर्वलक्षणांवरील अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. १९९२ मध्ये केंद्र सरकारने टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. बंदी कारखान्याला लागू झाली. घरच्या तव्याला ती कशी लागणार?

आजीच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसू लागला तेव्हा आम्ही तिला परभणीला दाखवायला नेले. डॉक्टरांनी विचारले, "आजी, तंबाखू खाता का?" ती ठामपणे "नाही" म्हणाली. ती खोटे बोलत नव्हती. तंबाखू खाणाऱ्या बायांना ती नावे ठेवी. आम्हीही गप्प राहिलो, कारण आम्हांलाही तो प्रश्न मशेरीबद्दल आहे असे वाटले नाही. दुसऱ्या खेपेस डॉक्टरांनी विचारले, "तोंड कशाने धुता?" तेव्हा आजीने कनवटीची डबी काढून टेबलावर ठेवली.