खुणेची अंगठी आणि युरेनसची कडी

टिटवाळ्याच्या महागणपतीची स्थापना शकुंतलेने केली, कण्वांचा आश्रम इथेच काळू नदीच्या परिसरात होता, असे लोकपरंपरा सांगते. महाभारतातील शकुंतलेपाशी अंगठी नाही. ती कालिदासाने दिली. त्यामुळे कथेत एक नवा प्रश्न आला : खूण असणे म्हणजेच ओळख पटणे काय? खगोलशास्त्राच्या इतिहासात हाच प्रश्न एकदा कड्यांच्या निमित्ताने उभा राहिला.

१० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. अशा पिधानात तारा एकदम विझत नाही. ग्रहाच्या वातावरणाच्या वरच्या, विरळ थरांत त्याचे किरण वाकतात, पसरतात आणि प्रकाश हळूहळू मंदावतो. त्या मंदावण्यावरून थरांची घनता आणि तापमान काढता येते.

तमिळनाडूतील कावलूर येथे जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून वेध घेत होते. ग्रहबिंब ताऱ्यापासून दूर असतानाच ताऱ्याचा प्रकाश थोडा वेळ घटला. मध्ये एखादा अज्ञात उपग्रह आला असावा, असा अर्थ त्यांनी लावला. त्याच वेळी हिंदी महासागरावर, विमानातील दुर्बिणीतून, जेम्स एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ग्रहाच्या दोन्ही बाजूंना अशा पाच-पाच घटी दिसल्या, त्याही जवळजवळ समान अंतरांवर. उपग्रह असे जोडीने येत नाहीत. ती कडी होती. 'नेचर'मध्ये १९७७ सालीच दोन्ही अन्वयार्थ प्रसिद्ध झाले. त्याच वर्षअखेर भट्टाचार्य आणि वेणू बाप्पू यांनीही युरेनसच्या कड्यांविषयी लिहिले.

'शोध खरे तर आपलाच' असा अभिमान इथे जितका अपुरा, तितकेच कावलूरचे नाव गाळणेही. नोंद अस्सल होती, वाचन चुकले, आणि ते सुधारण्यात त्याच वेधशाळेने हात घातला. इतिहासात या तिन्ही गोष्टी लिहायला हव्यात.

६ जून २०२० रोजी उत्तराखंडातील देवस्थळ येथून प्लूटोने केलेल्या पिधानाचा वेध घेतला गेला. प्लूटोच्या पृष्ठभागावरील हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या सुमारे ८०,००० पटींनी कमी असल्याचे त्यातून दिसले. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत पवार, देशमुख, देशपांडे ही आपल्या ओळखीची आडनावे आहेत.

दुष्यंताने शकुंतलेला समोर असूनही ओळखले नाही. ओळख पटली ती पाण्यात हरवलेली अंगठी एका कोळ्याच्या हातून परत आल्यावर. कावलूरच्या आलेखालाही दुसऱ्या कुणाच्या हातून आलेल्या खुणेची वाट पाहावी लागली.