अफू आणि वाफ

तोरण्या-राजगडाच्या पायथ्याची, भोर-वेल्ह्याकडची माणसे मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याचे ससून रुग्णालय गाठीत आली आहेत. त्याच ससूनमध्ये १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या गांधीजींच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. मध्येच दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलावर उरकावे लागले. भूल क्लोरोफॉर्मची होती, हे बरेच म्हणायचे. ईथरची वाफ ज्योतीजवळ पेट घेते; क्लोरोफॉर्म पेटत नाही.

पण त्याचे भय निराळे. १८४७ मध्ये सिम्सनने एडिंबरोत तो वापरात आणला आणि १८४८ च्या आरंभीच त्याच्या भुलेखाली एक मुलगी दगावली. रोगी मरतो तो श्वास थांबून की हृदय थांबून? मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता, त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेस, डॉ. लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ मध्ये दोन आयोग बसले. श्वासावर नजर ठेवा, हृदयाची चिंता नको, असा त्यांचा निर्वाळा. तो अर्धाच खरा होता. हलक्या क्लोरोफॉर्मखालीही हृदय एकाएकी फडफडून बंद पडते, हे लेव्हीने १९११ मध्ये दाखविले.

मग वाफ कमी कशी लागेल? त्याची वाट १८६० नंतरच्या दशकातच पॅरिसच्या क्लोद बर्नारला सापडली होती. अफूपासून काढलेले मॉर्फिन आधी टोचले, की थोडक्या क्लोरोफॉर्मनेच भूल चढे. वाफ मेंदूला झोपविते. अफू वेदनेची वर्दी वाटेतच अडविते. अफूची ही करामत आमच्या आज्यांना वैद्यकाशिवायही ठाऊक होती. रडके पोर निजविण्यासाठी तिचा कण देत. तो कण जास्त झाला तर पोर उठतच नसे.

१९६० मध्ये बेल्जममध्ये यान्सेन यांनी फेन्टॅनिल बनविले. त्याच दशकात वाफेचे मापही ठरले: जिच्या योगाने चिरा देताना निम्मे रोगी हलत नाहीत, ती मात्रा. फेन्टॅनिलच्या माफक मात्रेने हे माप सुमारे निम्म्यावर येते; पण पुढे अफूवर्गीय औषध कितीही वाढविले तरी ते शून्यावर येत नाही. नुसत्या त्याच्या भरवशावर राहिले, तर रोगी निपचित पडूनही जागा असू शकतो.

शिवाय श्वास दोघेही मंद करतात. वाफ श्वासावाटे बहुतेक लवकर निघून जाते. मॉर्फिन काही तास रेंगाळते. टेबलावर चिऱ्याची वेदना तरी श्वासाला डिवचीत असते. खाटेवर आल्यावर तेही उरत नाही. म्हणून शस्त्रक्रिया झाल्यावरही परिचारिका उशाशी उभी राहून श्वास मोजते.